बेसबॉलचा खटला

ह्यांना जाऊन सव्वा महिना झाला. भेटायला येणारे अजून येतात. बसतात, पाणी पितात, भिंतीवरच्या फोटोकडे बघतात आणि काहीतरी बरं बोलायचं म्हणून म्हणतात, "आंतरराष्ट्रीय खेळाडू होते म्हणे." मी मान हलवते. हैदराबादेत मान हलवली की तो होकार की नकार, हे समोरच्याने आपल्या सोयीने ठरवायचं असतं.

खोटं नाही ते. हे आयुष्यात एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळले. बेसबॉलची. तिच्या शेवटच्या सामन्याचा निकाल लागायला नऊ महिने लागले आणि त्या नऊ महिन्यांत आमचं लग्न त्या निकालापायी अडून राहिलं. स्वयंपाकघरात आता कुणी हाका मारत नाही, वेळ पुष्कळ आहे. रोज थोडं थोडं लिहिते आहे.

देश स्वतंत्र होऊन पाच महिने झाले होते. आमच्याकडे मात्र तो ऑगस्ट इतर ऑगस्टांसारखाच येऊन गेला. निजाम सरकारने संस्थान वेगळं ठेवलं होतं, आणि आम्ही बरकतपुऱ्यात बसून नक्की कोणत्या देशात आहोत हे रोज वर्तमानपत्रात शोधत होतो. त्या गोंधळाचा फायदा शहरातल्या एका हौशी वकिलांनी घेतला. लढाईच्या वेळी सिकंदराबादेत अमेरिकन सैनिक येऊन गेले होते. त्यांनी मागे टाकलेली बेसबॉलची एक पेटी वकीलसाहेबांना जुन्या बाजारात मिळाली. चार बॅटी, नऊ हातमोजे, नियमांचं एक पुस्तक. सोलापूरला एका अमेरिकन पाद्र्याने शाळेतल्या मुलांना हाच खेळ शिकवलाय, असं त्यांना कळलं. सिकंदराबादची रेल्वेतली अँग्लो-इंडियन पोरंही तो थोडाफार खेळत. वकीलसाहेबांनी हिशेब मांडला. आपण एक मुल्क. सोलापूर हिंदुस्थानात, म्हणजे दुसरा मुल्क. रेल्वेची पोरं आज ना उद्या विलायतेला जाणारच आहेत, तेव्हा तो तिसरा. स्पर्धा आंतरराष्ट्रीय. त्यांनी तसं चांदीच्या मुलाम्याच्या कपावर उर्दूत आणि इंग्रजीत कोरूनही घेतलं. कोरणाऱ्याने एक हत्तीही काढून दिला, का ते कुणी विचारलं नाही.

पंच म्हणून त्यांनी माझ्या वडिलांना गाठलं. अण्णा मुन्सिफ होते, म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी आणि कायदा. अण्णांनी जन्मात चेंडू हातात धरला नव्हता.

"साहेब, खेळ येण्याची जरूरच नाही," वकीलसाहेब म्हणाले. "इन्साफ येतो की नाही तुम्हाला?"

ह्याला नाही कोण म्हणणार?

अण्णांचं शिक्षण उर्दू-फारसीतलं. इंग्रजी ते सही करण्यापुरतं वापरत. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि दिसेल ते वाचत होते, म्हणून पुस्तक माझ्याकडे आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मला तो खेळ न बघताच पाठ झाला. सामन्याच्या वेळी अण्णांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून, लागेल तो नियम वाचून दाखवायचा, हे माझं काम. कोर्टात पेशकार जे करतो ते.

आता ह्यांच्याबद्दल. हैदराबादच्या संघाचे कप्तान हे होते. माझ्यासाठी ह्यांचं स्थळ सांगून आलं होतं. मूळचे परभणीकडचे शेतीवाले, वडील शहरात कापडाच्या धंद्यात, हे लॉ कॉलेजात. पत्रिका जुळली होती. फक्त अण्णांचा होकार बाकी होता, आणि अण्णा कुठल्याही गोष्टीला एका दिवसात होकार देत नसत. मला मुलगा पसंत होता. मराठी वाचनालयात मी त्यांना पुष्कळदा पाहिलं होतं, कोपऱ्यातल्या टेबलाशी, समोर जाड पुस्तक उघडून. वाचनाची एवढी आवड असलेला मुलगा म्हणून मी हरखले होते. ते तिथे पंख्याखाली डुलकी काढायला येत, हे लग्नानंतर कळलं.

शेवटची फेरी म्हणजे आमचा आणि सोलापूरचा सामना. रेल्वेच्या पोरांना दोघांनीही हरवलं होतं. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची सुट्टी होती. मलकपेठेत रेसकोर्सच्या पलीकडे मोकळं मैदान होतं, तिथे लाकडाच्या भुशाने भरलेली तीन पोती तीन कोपऱ्यांवर ठेवली होती. चौथा कोपरा म्हणजे घर. बॅटवाला तिथून मारतो, तिन्ही पोत्यांना फेरी घालून परत तिथेच पोचला की एक धाव. ह्या घराच्या जागी शहाबादी फरशीचा एक चौकोनी तुकडा पुरला होता. अण्णा त्याच्यामागे दहा हात अंतरावर आरामखुर्चीत बसले. अंगात शेरवानी, डोक्यावर छत्री, पुढे टेबल, टेबलावर दौत.

पहिल्याच चेंडूवर सोलापूरच्या मुलाने तक्रार केली, की चेंडू फार उंचावरून गेला. अण्णांनी हात वर करून खेळ थांबवला.

"ह्याचं म्हणणं आम्ही ऐकलं. आता चेंडू टाकणाऱ्याचं काय म्हणणं आहे?"

चेंडू टाकणारा आमचा मुलगा गोंधळला. "माझं? काही नाही साहेब."

"काही नाही कसं? तुझ्यावर इल्जाम आहे. बोल."

मग तो बोलला. मग सोलापूरचा बोलला. मग अण्णांनी मला नियम वाचायला लावला, त्याचं मराठी करायला लावलं, ते मराठी पटलं नाही म्हणून उर्दू करायला लावलं. चेंडू उंच होता असा फैसला लागेतो पंधरा मिनिटं गेली. सोलापूरच्या संघाबरोबर त्यांचे व्यायामशिक्षक आले होते, काळी टोपी, दंडावर ताईत, गालात कायम सुपारी. ते मोठ्याने म्हणाले, "लका, ह्या चालीनं तर पोरं म्हातारी होऊन सोलापूरला जातील."

अण्णांनी ऐकलं. "मास्तर, घाईत फाशी होते. इन्साफ होत नाही."

"साहेब, आम्ही चेंडू खेळाया आलोय. फाशी कुनाला द्यायची नाही."

पण हळूहळू दोन्हीकडच्या पोरांना त्याची चटक लागली. तक्रार केली की सगळ्यांसमोर उभं राहून बोलायला मिळतं हे कळल्यावर कोण सोडतो? एकाने वाऱ्याविरुद्ध तक्रार केली. सरबतवाला मैदानात मध्ये येऊन उभा राहिला, तर अण्णांनी त्याची साक्ष घेतली. उन्हं कलली तेव्हा शेवटची पाळी चालू होती. सोलापूर एका धावेने पुढे, आमचे दोघे बाद. तिसरा बाद झाला की सामना संपला. बॅटीला कप्तान आले.

त्यांनी चेंडू मारला तो रेसकोर्सच्या कुंपणापर्यंत गेला. हे मी मान्य करते. तो फटका चांगला होता. ते पळत सुटले. आणि पळताना त्यांनी बॅट बरोबर नेली.

इथे थांबून सांगते. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून द्यायची आणि मोकळ्या हातांनी पळायचं. पाद्र्याची पोरं तशीच पळत. पण आमची सगळी हैदराबादी पोरं क्रिकेटवर वाढलेली. बॅट टाकून पळणं म्हणजे त्यांना चप्पल टाकून पळण्यासारखं वाटे. कप्तान बॅट काखेत घेऊन पहिल्या पोत्यावरून गेले, दुसऱ्या, तिसऱ्या. फरशीजवळ आले, वाकले, बॅट लांब केली, तिचं टोक फरशीवर टेकवलं, आणि तिथेच थांबून, बॅटीवर रेलून, प्रेक्षकांकडे बघून हसले. क्रिकेटात रेघेपलीकडे बॅट टेकवली की फलंदाज सुरक्षित, तसे.

सोलापूरच्या मुलाकडे तेवढ्यात चेंडू आला. त्याने तो शांतपणे कप्तानांच्या पाठीला लावला आणि म्हणाला, "बाद."

"बाद कसा? मी पोचलो ना!"

"बॅट पोचली. तुम्ही कुठं पोचलात?"

ह्यानंतर जे झालं त्याला आरडाओरडा म्हणायचं. पन्नास माणसं फरशीभोवती. वकीलसाहेब म्हणाले, बॅट हातात होती, हात अंगाला होता, म्हणजे अंगच टेकलं. मास्तर म्हणाले, मग बायकोनं पोहरा विहिरीत सोडला की बायको विहिरीत पडली म्हणा. अण्णा खुर्चीतून उठले. सकाळपासून ते पहिल्यांदाच उठत होते.

"खामोश! मुद्दा गुंतागुंतीचा आहे. अंधार पडतो आहे, सोलापूरच्या मंडळींना गाडी गाठायची आहे. फैसला आम्ही राखून ठेवतो. पुढच्या तारखेला दोन्ही पक्ष हजर राहतील. बॅट आणि कप मुद्देमाल म्हणून जमा."

मास्तरांनी सुपारी गिळली. "पुढच्या तारखेला? सोलापूरहून?"

"हौ."

गाडीची वेळ झाली नसती तर ते आणखी बोलले असते. जाता जाता कुणीतरी त्यांच्या कानात काही सांगितलं, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कप्तानांकडे, आणि अण्णांना अदबीने नमस्कार करून म्हणाले, "निकाल काय लागायचा ते आम्हाला कळलं साहेब. होणाऱ्या जावयाला कोण बाद देतंय?"

हे एक वाक्य टाकून मास्तर गाडीत बसले.

अण्णा घरी आले. कप फडताळात ठेवला, बॅट दाराआड. मग आईला म्हणाले, "त्या मुलाच्या घरी कळवा. जोवर हा मामला आमच्यासमोर आहे तोवर सोयरिकीचं बोलणं बंद. ज्याचा फैसला आपण करायचा त्याच्या घरचा चहासुद्धा प्यायचा नाही."

"मग लवकर करा की फैसला," आई म्हणाली.

"दुसरा पक्ष हजर झाल्याशिवाय? एकतर्फी?"

"एकतर्फी तर एकतर्फी! पोरगी अठराची झाली आणि तुम्ही चेंडूची केस घेऊन बसलात. फरशीला पाय लागला की नाही लागला, एवढंच ना? आमच्या घरात रोज फरशीला पाय लागतात. कायकू एवढं?"

अण्णांनी पगडी खुंटीला लावली. आईशी वाद घालताना ते नेहमी पगडी काढत. तिला धक्का लागू नये म्हणून.

पुढची तारीख महिन्याने ठेवली होती. त्या तारखेला सोलापूरचं कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही तारखेला नाही. सरहद्दीवरच्या नाक्यांवर अडवणूक सुरू झाली होती, गाड्या भरवशाच्या राहिल्या नव्हत्या. अण्णा प्रत्येक तारखेला व्हरांड्यात बसून "गैरहजर" असं लिहून ठेवत. उन्हाळ्यापासून शहरात जे चाललं होतं त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, ते ज्यांनी लिहायचं त्यांनी लिहिलं आहे. आमच्या गल्लीतली तीन घरं कुलूप लावून निघून गेली, तीही सोलापूरलाच. आई म्हणे, सगळं हैदराबाद सोलापूरला चाललंय, एक तो मास्तर तेवढा इकडे येत नाही.

कप्तान त्या काळात दोनदा आले. पहिल्यांदा फाटकाशीच उभे राहून अण्णांना म्हणाले, "साहेब, मला फक्त एवढं विचारायचं होतं..."

"पक्षकाराने न्यायाधीशाला एकटं भेटू नये. कॉलेजात शिकवत नाहीत का?"

दुसऱ्यांदा त्यांनी आपल्या काकांना पुढे केलं. काका म्हणाले, मुलगा म्हणतो, मी बाद आहे असं लिहून देतो, पण हे मिटवा. मी आतल्या दाराशी उभी होते. आता मिटलंच, असं मला वाटलं. पण ऐकतील तर अण्णा मुन्सिफ कसले? म्हणाले, "लग्न व्हावं म्हणून दिलेला कबुलीजबाब दबावाखालचा ठरतो. आम्ही तो विचारात घेत नाही." काकांनी कपाळावर हात मारला आणि चहा न पिता गेले. चहा द्यायला बंदीच होती म्हणा.

मुलीकडचे असे ताणून धरतात म्हणजे मुलीत खोट असणार, असं शेजारच्या काचीगुड्यात लोक बोलू लागले. कप्तानांच्या घरी दुसऱ्या मुली बघायला सुरुवात झाली. आईने हे मला सांगितलं नाही, शेजारणीला सांगितलं, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. आम्ही हिंदुस्थानात गेलो, म्हणजे होतो तिथेच राहून गेलो. गाड्या सुरू झाल्या, कुलपं उघडायला लोक परतू लागले. आणि अण्णांनी पहिलं काम काय केलं, तर सोलापूरच्या मास्तरांना रीतसर समन्स पाठवलं. येण्याजाण्याचं तिकीट आणि जेवण आमच्याकडून.

मास्तर आले. बरोबर तो पाठीला चेंडू लावणारा मुलगा. आमच्या व्हरांड्यात अण्णांची खुर्ची, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला कप्तान आणि वकीलसाहेब. मध्ये टेबलावर बॅट. शहाबादी फरशीचा तुकडाही अण्णांनी मैदानातून खणून आणवला होता. आई दाराआड.

मास्तर सुरुवातीलाच म्हणाले, "साहेब, एक विचारू का? आता आपण सगळे एकाच देशात. मग ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय कशी? आता ती तालुक्याची झाली की."

वकीलसाहेब उसळले. "सामना झाला तेव्हा मुल्क वेगळे होते!"

"घटना घडली त्या दिवशीचा कायदा लागू," अण्णा म्हणाले. "स्पर्धा आंतरराष्ट्रीयच."

म्हणून हे आंतरराष्ट्रीय खेळाडू.

मी नियम वाचला. धावणाऱ्याने स्वतःच्या अंगाने घराला स्पर्श करायला हवा. बॅटीचा उल्लेख कुठेच नव्हता. अण्णांनी कप्तानांना विचारलं, "पाय फरशीला लागला होता?"

कप्तानांनी फरशीच्या तुकड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बॅट टेकल्यावर मी पुढे झुकलो होतो साहेब. पाय लागला असावा. मी तेव्हा खाली बघत नव्हतो."

"खाली कोण बघत होतं?"

 मैदानात पन्नास माणसं होती, पण सगळ्यांनी कप्तानांचं हसू पाहिलं होतं. माझं स्टूल फरशीपासून दहा हातांवर होतं, आणि मी पाय बघत होते. मुलगा बघायचा तर तोंडाकडे कसं बघणार? आम्ही पायच बघायचो.

अण्णांना ते कसं कळलं ठाऊक नाही. म्हणाले, "तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"शपथेवर सांग. लागला होता?"

आईने दाराआडून बांगड्या वाजवल्या. त्याचा अर्थ मला नीट कळला. लागला म्हण, मुलाचा मान राहील, मास्तरांचं काय जातंय. कप्तान माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच, सरळ. लागला म्हणावं असं मलाही फार वाटलं. नऊ महिन्यांत एवढं कशाचंच वाटलं नव्हतं. पण मग सगळे मास्तरांचंच वाक्य म्हणणार, आणि अण्णा ते स्थळ जन्मात घेणार नाहीत. आणि ते सोडा, पाय लागला नव्हताच.

"नाही," मी म्हटलं. "हातभर लांब होता."

अण्णांनी दौतीत टाक बुडवला. "बाद. सामना सोलापूरचा." कप उचलून त्यांनी मास्तरांच्या हातात दिला. आईने फडताळात त्यात चिंच भरून ठेवली होती, ती काढायची राहिली होती. मास्तरांनी ती बघितली, एक बोटूक तोंडात टाकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तू सोलापूरची असायला पायजे होतीस."

कप्तान पायऱ्या उतरले. ह्यांच्या घरचे आता दुसरी मुलगी ठरवणार, हे मला स्वच्छ दिसलं. बुटात पाय घालताना त्यांनी घाई केली, नाडी तुटली. ते खाली बसून उरलेल्या तुकड्याची गाठ मारू लागले. ती बसेना. अण्णा टेबलावरचे कागद गोळा करत होते, जरा जास्तच वेळ. मग वर न बघता म्हणाले, "फैसला झाला. आता आम्ही मुन्सिफ नाही. चहा आणा."

चहा मी नेला. पायरीवरच बसले होते ते, पायात एक बूट. कप घेतला, फुंकर मारली, आणि माझ्याकडे न बघता हळू म्हणाले,

"हातभर नव्हतं. वीतभर होतं."

"तरी बादच."

"हौ. पण वीतभर."

हे आमचं पहिलं बोलणं. दिवाळीनंतर लग्न झालं. पुढे ते वकील झाले, मुलं झाली, मुलांची मुलं इंग्रजीत बोलू लागली, पण हा मुद्दा त्यांनी सोडला नाही. मी भाजीत मीठ जास्त टाकलं की म्हणत, हिला अंदाज कुठे आहे, वितीला हात म्हणते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून मला दाखवली आणि भुवया उंचावल्या. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं सून नंतर म्हणाली. तिचं बरोबर असेल. पण मी माझा हात कोपरापासून लांब करून दाखवला, आणि ते वैतागून भिंतीकडे वळले. त्या दिवशी त्यांच्या अंगात जरा जोर होता.